शकुंतलेचा तोटा कुणी मोजला?

मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर-हावडा मुख्य मार्गावरचे, अकोला आणि बडनेऱ्याच्या मधले स्थानक. तिथून अडीच फुटी रुळांचे दोन फाटे निघत. एक दर्यापूर, अंजनगाव सुर्जीवरून अचलपूरला जाई, दुसरा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला. पहिला सुमारे ७७ किलोमीटरांचा, दुसरा ११३. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणि तिथून मुंबई बंदरात पोचावा म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हे रूळ पडले. मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची आणि कारभार मुंबईच्या किलिक निक्सन पेढीचा. पुढे लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ म्हणायला सुरुवात केली. गेल्या दशकात दोन्ही फाट्यांवरची वाहतूक टप्प्याटप्प्याने थांबली. २०१६ साली तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी या मार्गाच्या ब्रॉडगेज रूपांतराची घोषणा केली, खर्चाचा आकडा दीड हजार कोटींचा होता. तेव्हापासून निवेदने झाली, धरणी झाली, सर्वेक्षणे झाली. दर्यापूरला, कारंज्याला, दारव्ह्याला ब्रॉडगेज गाडी आलेली नाही.

यातून आलेल्या लोकांच्या वैतागाकडे पाहण्याची एक रीत आता सुशिक्षितांत रुळली आहे. आधी ती तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडली पाहिजे, कारण ती मूर्खपणाची नाही. ती अशी: शकुंतला तोट्यातच चालत होती. माणसे तिला सोडून केव्हाच रस्त्यावर गेली होती. गावोगाव एसटी आहे, ऑटो आहेत, घरोघरी मोटारसायकल आहे. त्यातून ही वाट पडली परक्या कंपनीच्या मालकीची, मग सरकार तरी काय करणार? रेल्वेचा पैसा मर्यादित आहे आणि मुख्य मार्गांवर गाड्यांची दाटी आहे, तेव्हा पहिला रुपया तिथेच पडायला हवा. राहिली बंद स्थानके पुन्हा उघडण्याची मागणी, ती म्हणजे बालपणीच्या आठवणींचा उमाळा. लोकांनी अपेक्षाच फार ठेवल्या, म्हणून निराशा फार झाली.

हा पूर्वपक्ष चार खांबांवर उभा आहे: तोटा, प्रवाशांची पाठ, रस्त्याची सोय आणि परकी मालकी. एकेक खांब ठोकून पाहू.

तोट्यापासून सुरुवात करू. गाडी तोट्यात होती, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो या वाक्याने काय सिद्ध होते याबद्दल. २०१६च्या सुमारास रेल्वेच्या तिकिटांवरच छापलेले असे की, प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम रेल्वेला परत मिळते. म्हणजे देशातली प्रवासी रेल्वे ही एकूणच तोट्याची बाब आहे आणि मालवाहतुकीच्या कमाईतून तो खड्डा भरला जातो. मुंबईची लोकलही त्याला अपवाद नाही. तरी चर्चगेटचे स्थानक बंद करा असे कोणी म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. कारण लोकलचा लाभ तिकिटाच्या खिडकीवर मोजायचा नसतो, तो शहर चालते यात असतो, हे सर्वांना मान्य आहे. हाच न्याय अंजनगावला लावायची वेळ आली की मोजपट्टी बदलते. तोटा हा निकष असेल तर तो सर्वांना लागू करा, नसेल तर तो फक्त लहान गावांसाठी राखून ठेवू नका.

शिवाय स्थानकाचा तोटा मोजायचा कसा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. या बाबतीत ब्रिटनचा दाखला फार बोलका आहे. मार्च १९६३ मध्ये डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा रेल्वेच्या पुनर्रचनेचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात २,३६३ स्थानके आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस होती. तिच्यामागची प्रवासी मोजणी होती एका आठवड्याची, २३ एप्रिल १९६१ रोजी संपलेल्या. समुद्रकाठच्या ज्या गावांत उन्हाळ्याच्या सुटीत फलाटावर पाय ठेवायला जागा नसे, ती गावे एप्रिलच्या मोजणीत ओस दिसली. उत्पन्न धरले गेले ते तिकीट जिथे विकले गेले त्या स्थानकाच्या नावावर, त्यामुळे जिथे माणसे जातात ती गावे कागदावर कंगाल ठरली. आपल्याकडे हाच हिशेब लावून पाहा. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. तिथे येणारा भाविक तिकीट काढणार आपल्या गावच्या खिडकीवर. कारंज्याच्या उत्पन्नात त्याचे येणे कुठे दिसणार?

बीचिंग यांच्या हिशेबातली दुसरी चूक अधिक महाग पडली. फाट्यावरची गाडी बंद केली तरी माणूस मोटारीने मुख्य मार्गावरच्या मोठ्या स्थानकापर्यंत येईल आणि पुढे रेल्वेनेच जाईल, असे गृहीत होते. माणूस मोटारीत बसला तो थेट मुक्कामापर्यंत मोटारीनेच गेला. फाट्याचा तोटा वाचला, पण फाट्याने मुख्य मार्गाला आणून दिलेला प्रवासीही त्याबरोबर गेला. वऱ्हाडात याचा अर्थ असा की, दर्यापूरचा जो माणूस शकुंतलेने मूर्तिजापूरला येऊन मुंबईची गाडी पकडत असे, त्याचे मूर्तिजापूर-मुंबईचे भाडे शकुंतलेच्या जमेत कोणीच धरत नव्हते. तो आज रात्रीच्या खासगी बसने जात असेल, तर तो तोटा मुख्य मार्गाचा आहे. तोही कुठेच लिहिला जात नाही.

दुसरा खांब प्रवाशांनी फिरवलेल्या पाठीचा. पाठ कशाकडे फिरवली, हे पाहिले तर हा खांब उलट्या बाजूला कलतो. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन या मार्गावर १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबले. सत्तर वर्षे एकाच पिढीच्या इंजिनावर गाडी ओढायची, रुळांची डागडुजी जेमतेम करायची, त्यापायी वेग बैलगाडीशी स्पर्धा करण्याइतका उतरवायचा, वाटेतल्या स्थानकांवर माणूस न नेमता तिकिटे विकण्याचे काम गार्डवर टाकायचे, आणि मग मोजणी करून म्हणायचे की प्रवासी कमी झाले. प्रवाशांनी नाकारले ते हे वेळापत्रक आणि हा वेग. त्यांनी रेल्वे नाकारली हा निष्कर्ष काढायचा, तर एकदा तरी त्यांच्यापुढे धड गाडी ठेवायला हवी होती.

हीच साखळी करोनानंतर देशभर पुन्हा दिसली. मार्च २०२० मध्ये साध्या पॅसेंजर गाड्या थांबल्या. त्या परतल्या तेव्हा विशेष गाडी म्हणून एक्स्प्रेसचे भाडे लावून परतल्या. दहा रुपयांचे किमान भाडे तीस झाले. साध्या भाड्याची वाट पूर्ववत व्हायला २०२४चा फेब्रुवारी उजाडला. त्या चार वर्षांत लहान स्थानकांवरची गर्दी घटली असेल, तर ती घट भाड्याची आहे की गरजेची? घटीचा आकडा पुढे करणाऱ्याने आधी याचे उत्तर द्यावे.

धड गाडी ठेवली तर काय होते, याचे उत्तर पुन्हा ब्रिटनमध्येच सापडते. डेव्हन परगण्यातल्या ओकहॅम्प्टनची नियमित गाडी १९७२ साली बंद झाली. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ती रोज धावू लागली आणि पहिल्याच वर्षात सुमारे अडीच लाख प्रवास झाले, अंदाजाच्या दुपटीहून अधिक. स्कॉटलंडमध्ये १९६९ साली बंद केलेल्या वेव्हर्ली मार्गाचा एडिनबरोकडचा भाग सप्टेंबर २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. तिथली गंमत अधिक शिकवणारी आहे. राजधानीजवळच्या काही उपनगरी स्थानकांवर अंदाजापेक्षा कमी माणसे आली आणि टोकाच्या स्टो, गॅलाशील्स, ट्वीडबँक या स्थानकांवर अंदाजाच्या कितीतरी पट. जिथे गाडीच नाही तिथली मागणी आजच्या सवयींवरून ताडली, तर ती कमीच दिसणार. ब्रिटन श्रीमंत आहे, तिथले उदाहरण इथे कशाला, असे कोणी विचारील. पण तिथे तर बहुतेक घरांपुढे मोटार उभी असते. मोटार असलेले लोक जर गाडीकडे परतले, तर मोटार नसलेल्यांना तिची गरज नाही हे म्हणणे टिकायचे कसे?

तिसरा खांब रस्त्याचा. एसटीने विदर्भाला जोडून ठेवले आहे, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. पण या सवलतीतून पूर्वपक्षाच्या विरोधातलेच अनुमान निघते. प्रवास ही सार्वजनिक गरज आहे आणि तिच्यासाठी तिजोरीतून पैसा घालावा लागतो, हे राज्याने बसच्या बाबतीत मान्य केलेच आहे. मग नफ्याची अट एकट्या रेल्वेलाच का? दुसरे असे की, एकाच साधनावर सगळा प्रदेश टांगून ठेवण्याची जोखीम आपण पाहिली आहे. २०२१च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा न्याय-अन्याय इथे बाजूला ठेवू. परंतु ज्या तालुक्याला दुसरी वाहतूकच नाही, तिथल्या शाळेच्या मुलीला आणि दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्याला त्या महिन्यांत वडापच्या दरावाचून पर्याय नव्हता.

आणि रस्त्यांचाच अभिमान असेल, तर समृद्धी महामार्ग पाहा. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता सुमारे पंचावन्न हजार कोटींत झाला आणि तो कारंजा तालुक्यातूनच जातो. त्यावर दुचाकीला आणि तीनचाकीला मनाई आहे. म्हणजे पूर्वपक्षाने ज्या घरोघरच्या मोटारसायकलीचा दाखला दिला, तिला या रस्त्यावर पाऊल टाकता येत नाही. महामार्गाच्या कोणत्या फाट्यावर किती टोल जमेल आणि तो फाटा एकट्याच्या कमाईवर तग धरील का, असे कोणी विचारले नाही. अख्ख्या मार्गाचा मिळून प्रदेशाला काय लाभ, असा विचार झाला. तो बरोबरच होता. शकुंतलेसाठी मागणी आहे ती याच पद्धतीच्या हिशेबाची, त्याहून अधिक कशाचीही नाही.

चौथा खांब परक्या मालकीचा. ही गोष्ट सांगायला चटकदार असल्याने वृत्तपत्रांनी ती फार वेळा सांगितली: देश स्वतंत्र झाला तरी एक गाडी अजून इंग्रजांची! या गोष्टीने वऱ्हाडचे भले कमी आणि नुकसान अधिक केले, कारण तिने एक सोयीचा खलनायक मिळवून दिला. गाडी कोण चालवत होते? आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे आणि नंतर मध्य रेल्वे. वेळापत्रक, वेग, डबे, कर्मचारी हे सगळे चालवणाऱ्याच्या हातात होते. राहिला मालकीचा प्रश्न, तर तो महाराष्ट्रातच एकदा सुटलेला आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, तीही खासगी आणि तीही अडीच फुटीच. १९५४ साली सरकारने ती विकत घेऊन मध्य रेल्वेत सामील केली. जे बार्शी लाइटच्या कुर्डुवाडीला जमले ते मूर्तिजापूरला जमू नये असा काही निसर्गनियम नाही. मालकी हे विलंबाचे कारण म्हणून सांगितले जाते, पण विलंबाची खरी मुळे अंदाजपत्रकात आहेत.

इथवर खंडन झाले. मंडनाकडे वळण्यापूर्वी आपल्याच बाजूचा एक गैरसमज दूर करायला हवा. शकुंतला होती तशीच, वारसा म्हणून, खेळण्यातल्या गाडीसारखी चालवा, अशी मागणी अधूनमधून होते. तिने पूर्वपक्षाचे काम फुकटात होते. अडीच फुटी रुळांवरचा माल मूर्तिजापूरला उतरवून पुन्हा चढवावा लागतो आणि प्रवाशाला गाडी बदलावी लागते. ज्या अडचणीने ही गाडी मागे पडली तीच जपून ठेवायची मागणी आपण करायची, आणि वर लोक आठवणींत रमले आहेत असा आरोप झाला की चिडायचे, हे बरे नव्हे. जुने इंजिन संग्रहालयात शोभते. दारव्ह्याच्या विद्यार्थ्याला हवी आहे ती सकाळी वेळेवर अकोल्याला पोचवणारी गाडी.

रूपांतराने काय साधते, याचा पुरावा पुन्हा बार्शी मार्गच देतो. लातूर ते मिरज ही बार्शी लाइटचीच वाट एके काळी शकुंतलेइतकीच मंद होती. ती ब्रॉडगेज झाली, धाराशिव शहर मार्गावर आले, पंढरपूरला वारीसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून थेट गाड्या येऊ लागल्या, लातूरहून माणूस रात्री बसून सकाळी मुंबईत उतरू लागला. आणि मग आला एप्रिल २०१६. लातूरचे पाणी आटले होते. मिरजेहून दहा टाक्यांची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन याच मार्गाने लातूरला पोचली, पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्यांनी एकेका खेपेत पंचवीस लाख लिटर आणले. १९७० किंवा १९८० साली कोणी बार्शी लाइटचा जमाखर्च मांडून ती बंद केली असती, तर तो हिशेब कागदावर अचूक ठरला असता आणि २०१६ साली पाण्याची गाडी धावायला रूळच नसते. लोहमार्गाचे सगळे उपयोग तो टाकताना किंवा मोडताना दिसत नाहीत. म्हणून तर तो मोडण्याचा निर्णय एका वर्षाच्या तिकीटविक्रीवर सोपवू नये.

वऱ्हाडातही चित्र बदलते आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा ब्रॉडगेज मार्ग होतो आहे आणि त्यातल्या वर्धा-कळंब टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. यवतमाळला ही गाडी पोचली आणि नांदेडपर्यंत गेली, की मूर्तिजापूर-यवतमाळ हा फाटा शेवट असलेली वाट राहणार नाही. तो अकोल्याकडून यवतमाळमार्गे नांदेडकडे जाणारा दुवा होईल. दुव्याची किंमत त्याच्या दोन्ही टोकांना काय आहे यावर ठरते. जुन्या शकुंतलेचे आकडे यासाठी निरुपयोगी आहेत, कारण ते दुसऱ्याच भूगोलातले आहेत.

अचलपूरच्या फाट्याची बाजू वेगळी आहे आणि ती वेगळीच मांडली पाहिजे. तो आजही टोकाचाच मार्ग ठरेल. पण २०११च्या जनगणनेत अचलपूरची लोकसंख्या एक लाखाच्या वर होती. शेजारी परतवाडा आहे, पुढे चिखलदरा आणि मेळघाट आहे, भोवती संत्र्याच्या बागा आहेत. एवढ्या शहराला रेल्वे नसणे हे नियमाला धरून नाही. जोड मूर्तिजापूरला द्यावी की नरखेड-अमरावती मार्गावरच्या चांदूर बाजारला, यावर तज्ज्ञांनी वाद घालावा. तो वाद खरा आहे आणि फायद्याचाही. काहीच न करण्याचे निमित्त म्हणून मात्र तो वापरू नये. आणि रूपांतर होताना मधली लहान स्थानके गळतात, हेही आंदोलकांनी ध्यानात ठेवावे. रूळ आले पण थांबा गेला, तर लाखपुरीसारख्या लहान स्थानकाला त्या रुळांचा उपयोग फक्त फाटक लागण्यापुरता.

आता त्या निराशेबद्दल, जिला पूर्वपक्ष अपेक्षांचा अतिरेक म्हणतो. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि बीडला प्रवासी गाडी लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मंजूर कामाला वर्षाला हजार रुपयांची नाममात्र तरतूद दाखवून ते जिवंत ठेवायचे, ही रेल्वेच्या अंदाजपत्रकातली ओळखीची रीत आहे. तिला होकार म्हणता येत नाही आणि नकारही म्हणता येत नाही. ज्यांनी ही रीत तीस वर्षे पाहिली, त्यांचा वैताग अनुभवातून आलेला आहे, भाबडेपणातून आलेला नाही.

ब्रिटनच्या सरकारने जानेवारी २०२० मध्ये बंद स्थानके व मार्ग उघडण्यासाठी पन्नास कोटी पौंडांचा निधी जाहीर केला आणि २९ जुलै २०२४ रोजी नव्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी तो कार्यक्रम संसदेत रद्द केला. वाट पाहणारी अनेक गावे त्या दिवशी हिरमुसली. पण त्यांना तारीख कळली, कारण कळले, जबाबदार कोण तेही कळले आणि दुसऱ्या दिवसापासून भांडायला समोर माणूस होता. कारंज्याला आणि अंजनगावला एवढेही मिळालेले नाही.

बीचिंगच्या काळात ब्रिटनमध्ये मार्ग बंद करण्यापूर्वी सुनावणी होत असे, पण तिच्यात एक मेख होती. गाडी गेल्यावर काय हाल होतील एवढेच प्रवाशांना सांगता येई. रेल्वेच्या आकड्यांवर प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. आपल्याकडे अशी मनाई कोणी केलेली नाही, आपण ती आपणहून पाळत आलो. इतकी वर्षे निवेदनांत आपण हालच लिहिले: म्हातारी माणसे, गरीब मजूर, शाळेची मुले. ते सगळे खरे आहे आणि त्यावर सहानुभूतीची पोच मिळते, पुढे काही होत नाही. यापुढचे निवेदन वेगळे असावे. फाट्याने मुख्य मार्गाला दिलेले प्रवासी जमेत धरले होते का? मागणीचा अंदाज कोणत्या वेगाची आणि दिवसाला किती फेऱ्यांची गाडी धरून केला? वर्धा-नांदेड मार्ग पुरा झाल्यावरचे आकडे मांडले आहेत का? या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे खासदारांनी सभागृहात मागावीत आणि लोकांनी खासदारांकडे मागावीत. उत्तरे आल्यावर मार्ग खरोखरच परवडत नाही असे ठरले, तर ते ऐकण्याची तयारी आपणही ठेवू. पण तोवर तोट्याचे कारण सांगून कोणी गप्प बसवू लागले, तर आधी तो तोटा मोजून दाखवा, असे म्हणण्याचा हक्क वऱ्हाडाला आहे.